जोडखटला

केतकी नाईकवडीच्या नावानं शाळेत रजिस्टर पत्र आलं, तेव्हा ती तिसरीच्या मुलांना 'उद्या' आणि 'परवा' यांतला फरक हातांच्या खुणांनी शिकवत होती. पुण्यातली ही शाळा कर्णबधिर मुलांची. मुलांच्या डोळ्यांवर आता ते नवे चष्मे आले होते. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटायचे. मग खुणांची भाषा शिकवता तरी कशाला, असं एखादा पालक विचारायचा. केतकी त्याला सांगायची, चष्म्यानं दुसऱ्याचं कळतं, स्वतःचं सांगता येत नाही.

पोस्टमननं तिची सही घेतली, ओळखपत्र पाहिलं आणि पाकीट तिच्याच हातात दिलं. कागदावर पत्र येणं आता इतकं दुर्मीळ झालं होतं की मुलंही माना उंचावून बघायला लागली. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणी नाही असं पाहून तिनं ते उघडलं.

उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीचं पत्र होतं. सोळा वर्षांपूर्वी तुमच्यावर चाललेल्या खटल्याशी अगदी जुळणारा एक खटला 'समतोल' या प्रणालीला आढळला आहे. त्यातली आरोपी सध्या तुरुंगात आहे. तिच्या शिक्षेचा फेरविचार व्हायचा तर तुमचे कागद न्यायालयासमोर उघडावे लागतील. ते कायद्यानं बंद आहेत आणि तुमच्या संमतीशिवाय उघडता येणार नाहीत. तुम्ही नकार दिलात तर तुमचं नाव कुणालाही कळणार नाही, आणि पुन्हा विचारणाही होणार नाही. मुदत तीस दिवस.

केतकीनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुढचे दोन तास वर्ग घेतला. मुलांना काहीच जाणवलं नाही. मात्र घरी जाताना ती तिच्या नेहमीच्या बसथांब्यावरून तशीच पुढे चालत गेली.

सोळा वर्षांपूर्वी ती एकवीस वर्षांची होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये विश्वनाथ पुराणिक नावाच्या शेजाऱ्यांशी तिचं रोजचं वाजायचं. स्कूटर त्यांच्या जागेत येते, एवढंच कारण. एका सकाळी त्यांनी तिची स्कूटर ओढली, ती आडवी पडली, आरसा फुटला. ते तिच्या आईबद्दल काहीतरी बोलले. केतकीच्या हातात हेल्मेट होतं. ते तिनं पूर्ण ताकदीनं त्यांच्या डाव्या कानावर मारलं. एकच फटका. पुराणिक खाली बसले, कानातून रक्त आलं, आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेही तिनंच. कान मात्र कायमचा गेला.

खटला चालला. तिनं गुन्हा कबूल केला. कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद होती. पण न्यायाधीशांनी निकाल देण्याआधी प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवला. गुन्हा करणारा माणूस कसा आहे, तो पुन्हा असं करील का, त्याला घरी ठेवून सुधारता येईल का, हे जाऊन पाहणारा हा अधिकारी. सुमन उबाळे नावाच्या बाई तिच्या घरी आल्या, पुन्हा आल्या, कॉलेजात गेल्या. शेवटी केतकीला कैद झाली नाही. चांगल्या वागणुकीच्या हमीवर एक वर्ष देखरेख, आणि वर्षभर दर शनिवारी एका कर्णबधिर शाळेत काम.

वर्ष संपलं, पण तिचे शनिवार संपले नाहीत. तिनं बी.कॉम.नंतर विशेष शिक्षणाची पदविका घेतली आणि दुसऱ्या एका शाळेत नोकरीला लागली. देखरेखीचा काळ नीट पार पाडणाऱ्यावर गुन्ह्याचा डाग राहत नाही, तसा तिच्यावरही राहिला नाही. आई म्हणाली, आता हे कुणाजवळ बोलायचं नाही. केतकी बोलली नाही. अमोघ ठोसरशी लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. एकदा राहून गेलं की सांगणं दर वर्षी अवघड होत जातं.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रावरच्या नंबरावर फोन लावला. तिकडून इम्तियाज पटेल बोलले. ते त्या बाईचे सरकारनं दिलेले वकील होते. त्यांनी घाई केली नाही, विनवणीही केली नाही. 'समतोल' म्हणजे काय, एवढं समजावून सांगितलं.

देशातल्या सगळ्या न्यायालयांचे कागद संगणकात गेल्याला बरीच वर्षं झाली होती. नागपूरचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. जयघोष मेश्राम यांनी एक प्रणाली घडवली. ती खटल्याचे कागद वाचायची आणि त्यातून नाव, जात, गाव, भाषा, वकील, न्यायाधीश हे सगळं वगळायची. मागे राहायची ती निव्वळ घटना. हत्यार सोबत आणलं की हाताला लागलं ते उचललं, फटके किती, इजा कुठं, आधी चिथावणी होती का, मारल्यावर आरोपी पळाला की थांबला, पूर्वीचा गुन्हा आहे का. असे चारशे मुद्दे. म्हणजे प्रत्येक खटला चारशे आकड्यांची एक ओळ होऊन जायचा. मग ज्या दोन ओळी जवळपास सारख्या, त्या शेजारी ठेवायच्या. शेतकी महाविद्यालयात एकाच पिशवीतलं बियाणं दोन वाफ्यांत पेरून बघतात, त्यातलाच हा प्रकार. बियाणं एक आणि पीक वेगळं आलं, तर माती तपासायची.

अशा अकरा हजार जोड्या निघाल्या. लोक त्यांना जोडखटले म्हणू लागले. त्यातून जे दिसलं ते सरळ नव्हतं. रागाच्या भरात झालेल्या मारामारीत तालुक्याच्या न्यायालयात तुरुंग होण्याचं प्रमाण शहराच्या सव्वादोन पट होतं. नवऱ्यानं बायकोला मारहाण केली असेल तर मात्र गणित उलटं व्हायचं, खेड्यात शिक्षा नावापुरती. लोकांना वाटलं, न्यायाधीशांच्या स्वभावाचा दोष असणार. मेश्रामांनी तेच न्यायाधीश बदली होऊन शहरात गेल्यावर काय करतात ते पाहिलं. तिथं ते शहरासारखेच निकाल देत होते. शेवटी फरक सापडला तो एका कागदात. जिथं जिथं प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल होता, तिथं शहर आणि खेडं हा भेद जवळजवळ नाहीसा होत होता. शहरात असे अधिकारी होते. तालुक्यांना ती पदं वर्षानुवर्षं रिकामी.

"माझ्या अशिलाच्या जिल्ह्यात ते पद नऊ वर्षं रिकामं होतं," पटेल म्हणाले. "न्यायाधीशांपुढं कानाचा वैद्यकीय दाखला होता. ती बाई कशी आहे, ते सांगणारं कुणीच नव्हतं."

नव्या कायद्यानं शिक्षेचा फेरविचार मागता येत होता, पण यंत्र म्हणतं म्हणून नव्हे. न्यायमूर्तींनी जोडखटल्याचे मूळ कागद स्वतः वाचायला हवेत, अशी अट होती. या बाईच्या खटल्याला कायद्याला मान्य होईल इतके जवळचे तीनच खटले सापडले होते. दोघांनी नकार दिला होता. त्यांचंही बरोबरच आहे, असं पटेल म्हणाले. तिसरी केतकी होती.

तिनं विचार करून सांगते म्हटलं. त्या बाईचं नाव तेवढं विचारलं. शिवकन्या ढाकरे, वय सव्वीस, गाव वाघलगाव. चार वर्षांची शिक्षा, त्यातले एकोणीस महिने झालेले.

रविवारी केतकी सासवडला गेली. सुमन उबाळे निवृत्त होऊन तिथं राहत होत्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या, पण दार उघडताच त्यांनी तिला ओळखलं. चहा झाला. केतकीनं पत्र वाचायला दिलं. उबाळेबाईंनी ते दोनदा वाचलं आणि हो किंवा नको काहीच म्हटलं नाही. उलट त्या जुनं सांगत बसल्या. तुझ्या घरी मी अकरा वेळा आले, म्हणाल्या. वर चौथा मजला, लिफ्ट कायम बंद. मग पुराणिकांकडे तीन वेळा गेले.

केतकीला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे कशाला, असं तिनं विचारलं.

"ज्याला लागलं त्याला नको का विचारायला?" उबाळेबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा त्यांनी मला दारातूनच घालवलं. दुसऱ्यांदा तास दीड तास तुला शिव्या दिल्या. तिसऱ्या खेपेला मात्र म्हणाले, पोरगी तुरुंगात बसून माझा कान काही परत येत नाही. तिला अशा ठिकाणी पाठवा, जिथं ऐकू न येणं म्हणजे काय ते तिला रोज दिसेल. ते मी अहवालात लिहिलं. कर्णबधिर शाळा त्यांनी सुचवलेली, मी नाही."

तिचं काम, तिची मुलं, तिचे हात जी भाषा बोलत होते ती भाषा, हे सगळं तिला कुणी दिलं ते आज कळत होतं. पुराणिकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. सोसायटी सोडल्यावर ती त्यांना पुन्हा भेटली नव्हती. आपण नशीबवान, एवढंच तिनं आजवर मानलं होतं. त्या नशिबामागं एका चिडक्या माणसाचं मन होतं, आणि एका बाईचे दुखरे गुडघे.

निघताना उबाळेबाई फाटकापर्यंत आल्या. त्यांनाही एकदा अशाच लांबच्या जिल्ह्यात बदली आली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मुलाची बारावी होती, म्हणून त्यांनी ती रद्द करून घेतली होती. त्या जागेवर पुढं कोण गेलं, त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अमोघला सांगायचं तिनं त्याच संध्याकाळी ठरवलं. तो पाणीपुरवठा खात्यात अभियंता होता, शांत स्वभावाचा, आणि शांत माणसांना सांगणं जास्त कठीण असतं. स्वयंपाकघरात तो भाजी चिरत होता. केतकीनं पत्र ओट्यावर ठेवलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. हेल्मेट, कान, न्यायालय, शनिवार. तिनं काही गाळलं नाही. त्यानं सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"माझ्यावर कधी हात उगारावासा वाटला का तुला?" त्यानं विचारलं.

"नाही. त्या दिवसानंतर कुणावरच नाही."

त्यानं मान हलवली आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. दूध आणलंस का, गॅसवाला आला होता का. त्याला गुन्ह्याचं फार वाटलं नव्हतं. नऊ वर्षं आपल्याला बाहेर ठेवलं, याचं वाटलं होतं. हे तो बोलला नाही तरी तिला कळत होतं. एकदाच तो शाळेबद्दल बोलला. पालकांना कळलं तर तुझी नोकरी राहील का, याचा विचार कर, असं म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी तो चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसला.

"तुझ्यासाठी कुणीतरी अकरा वेळा चार जिने चढलं," तो म्हणाला. "मला ठाऊक असतं तर मी त्या बाईंना लग्नाला बोलावलं असतं."

मग त्यानं विचारलं, शिवकन्येला भेटायला कधी जायचं.

केतकीला संमती देण्याआधी शिवकन्येला भेटायचं होतं. कायद्यानं त्याची गरज नव्हती. पण जिच्यासाठी आपण इतकं उघडं पडणार ती कोण आहे, हे बघितल्याशिवाय तिला सही करवेना. पटेलांनी परवानगी काढली. जिल्ह्याच्या तुरुंगात बायकांचा विभाग लहानसा होता, अंगणात लिंबाचं झाड आणि त्याखाली दोन बाकं. शिवकन्या आली. किरकोळ बांध्याची, केस घट्ट बांधलेले. तिला वाटलं, सरकारी बाई आल्या असतील. ती उभीच राहिली. बसा म्हटल्यावर बाकाच्या कडेला टेकली.

पटेलांनी ओळख करून दिली आणि ते बाजूला गेले. शिवकन्येनं आपलं सांगितलं ते एखाद्या तोंडपाठ धड्यासारखं. गावात नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही चाळीस मिनिटं. थोरली जाऊ सोजर, तिच्या आणि शिवकन्येच्या घराची भिंत एकच. त्या दिवशी सोजरनं रांगेतली हिची घागर उचलून बाजूला ठेवली. शब्दाला शब्द लागला. सोजरनं हिचं माहेर काढलं. हातात रिकामी कळशी होती, ती हिनं मारली, एकदाच. डावा कान. मग गावातल्या जीपमध्ये घालून, मांडीवर डोकं घेऊन, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नवरा ट्रकवर, कायम परराज्यात. घरी चार वर्षांची लेक.

केतकी ऐकत होती. चारशे आकडे म्हणजे काय ते तिला आत्ता समजलं.

"जजसाहेब बी वाईट नव्हते," शिवकन्या म्हणाली. "त्यांनी इचारलं, काही सांगायचंय का. मी म्हणलं, चूक झाली. आणखी काय सांगावं लागतंय ते मला कुठं ठावं होतं?"

मग केतकीनं आपलं सांगितलं. शिवकन्या तिच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या नीटनेटक्या, शिकलेल्या बाईनं कुणाला मारलं असेल, हे तिला पटायला वेळ लागला.

"मग तुम्हाला काय शिक्षा झाली, ताई?"

"दर शनिवारी बहिऱ्या मुलांच्या शाळेत काम. एक वर्ष."

पदराचं टोक शिवकन्येनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला सांगितलं असतं तर मी रोज गेले असते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. केतकीला वाटलं, ही रडली असती, चिडली असती तरी सोसलं असतं. तिनं पटेलांना हाक मारली आणि तिथंच बाकावर सही केली.

शाळेत तिनं स्वतः जाऊन मुख्याध्यापिका शकुंतला बिडवई यांना सांगितलं. बिडवईबाई नियमाच्या पक्क्या होत्या. शाळा समितीचा निर्णय होईपर्यंत तिला तीन आठवडे वर्गाबाहेर बसावं लागलं. पालकांची सभा झाली. एका वडिलांनी मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं. उपमुख्याध्यापकाची जागा तिला मिळायची होती, ती दुसऱ्या बाईंना मिळाली, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण नोकरी राहिली. सभा संपल्यावर एक आई तिच्यापाशी आली. ती स्वतः ऐकू न येणारी होती. तिनं खुणांनी सांगितलं, माझा मुलगा म्हणतो या बाई कधीच रागावत नाहीत, का ते मला आज कळलं.

सुनावणी सोमवारी सकाळी होती. अमोघ रजा काढून आला होता. केतकीचे सोळा वर्षांपूर्वीचे कागद न्यायमूर्तींनी समोर घेतले. त्या साठीच्या आत-बाहेरच्या, चष्मा कपाळावर सरकवून वाचणाऱ्या बाई होत्या. उबाळेबाईंचा चौदा पानी अहवाल त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

सरकारी वकिलांचा मुद्दा कच्चा नव्हता. ते म्हणाले, दोन खटले सारखे आहेत ते यंत्रानं गाव पुसून टाकलं म्हणून. पण गाव खरं आहे. शहरातल्या आरोपीनं घर बदललं, तिचा आणि त्या गृहस्थांचा संबंध संपला. इथं दोघींची भिंत एक, नळ एक. हिला सोडलं आणि उद्या पुन्हा काही घडलं तर?

न्यायमूर्तींनी साक्षीला बोलावलेल्या डॉ. मेश्रामांकडे पाहिलं. उंच, थोडे वाकलेले मेश्राम उठले.

"गाव महत्त्वाचं नाही असं आमची प्रणाली म्हणत नाही," ते म्हणाले. "त्या गावात जाऊन कुणी पाहिलंच नाही, एवढंच ती दाखवते. वकीलसाहेबांची शंका योग्य आहे. तिचं उत्तर माझ्या संगणकात नाही, वाघलगावात आहे."

त्या दिवशी निकाल झाला नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या प्रोबेशन ऑफिसरनं तीन आठवड्यांत वाघलगावला जाऊन अहवाल द्यावा, एवढाच हुकूम झाला. केतकीला वाटलं, हातचं गेलं. पटेल मात्र बाहेर येताच चहा मागवून बसले. त्यांच्या मते शिक्षा ठरवण्याआधी व्हायला हवं होतं ते आज झालं होतं.

अश्लेषा गवारे नावाची तरुण अधिकारी वाघलगावला चार वेळा गेली. पुढच्या तारखेला न्यायमूर्तींनी तिच्या अहवालातला एक उतारा मोठ्यानं वाचला. सोजर ढाकरे हिचे शब्द गवारेबाईंनी जसेच्या तसे उतरवले होते.

"कानाचं दुःख हाय, न्हाई कशाला म्हणू. पण तिची लेक माझ्याच घरी जेवते, माझ्याच कुशीत झोपते आन् रोज इचारते, आई कवा येणार. मी तिला काय सांगू? तिनं मला मारलं तसं मांडीवर घेऊन दवाखान्यात बी तिनंच नेलं. हे मी तवाच सांगितलं असतं. पर मला कुणी इचारलंच न्हाई."

न्यायमूर्तींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग निकाल सांगितला. भोगलेली शिक्षा पुरे. यापुढं दोन वर्षं देखरेख, आणि दर शनिवारी वाघलगावच्या आरोग्य केंद्रात काम. त्याच हुकुमात त्यांनी त्या जिल्ह्यातल्या आणखी एकशे बारा कैद्यांचे अहवाल मागवले आणि रिकामं पद साठ दिवसांत भरायला सांगितलं.

शिवकन्येला निकाल कळायला जरा वेळ लागला. मग ती कठड्यातून बाहेर आली आणि केतकीच्या पाया पडायला वाकली. केतकीनं तिला वरच्या वर धरलं. आपण हिच्यासाठी काही केलं असं तिला वाटतच नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी आपल्याला जे मिळालं, ते नुसतं पुढं सरकवलं होतं. दोघी तशाच हात धरून उभ्या राहिल्या. मागून अमोघ पुढं आला आणि शिवकन्येच्या हातातली तुरुंगातली पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली.

जानेवारीत वाघलगावच्या आरोग्य केंद्रात कानतपासणीचं शिबिर झालं. पुण्याच्या एका संस्थेनं यंत्रं आणि कानाचे डॉक्टर दिले, त्यांच्या मदतीला केतकी गेली. शिवकन्येचा तो कामाचा शनिवार होता. सकाळपासून तीच लोकांना रांगेत बसवत होती, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणत होती, कुणाचं नाव कसं लिहायचं ते सांगत होती. तिची लेक औषधांच्या खोक्यांवर बसून शेंगा खात होती. जिल्ह्यातल्या त्या रिकाम्या पदावर आता कायमची अधिकारी आली होती, तीही येऊन नोंदी बघून गेली.

दुपारी सोजर आली. चाळिशीची, ठसठशीत बाई, डोक्यावरून पदर. गेली दोन वर्षं तिच्याशी सगळे ओरडूनच बोलत होते आणि तीही ओरडूनच उत्तर देत होती. डॉक्टरांनी तपासून पाहिलं. उजवा कानही जरा मंद होता. डाव्याचा पडदा फाटला होता आणि मधली हाडंही निसटली होती, पण आतली नस जिवंत होती. अशांसाठी आता कवटीच्या हाडातून आवाज आत पोचवणारं छोटं यंत्र निघालं होतं. कानामागं बटणासारखं चिकटवायचं, शस्त्रक्रिया नको. पुराणिकांच्या वेळी ते नव्हतं, आणि त्यांची नसच मेली होती. केतकीनं यंत्र सोजरच्या कानामागं बसवलं आणि आवाज जुळवायला घेतला. उजव्या कानावर तिनं हात धरला, म्हणजे डाव्यानं काय ऐकू येतं ते कळेल.

शिवकन्या मागं उभी होती. सुटून आल्यापासूनची सवय, तिनं छाती भरून घेतली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आक्का, घरी कवा जायचं?"

सोजर दचकून वळली.

"वरडू नको," ती म्हणाली. "ऐकू यायलंय मला."

सोजरनं शिवकन्येकडे पाहिलं आणि हळू बोललेलं कसं ऐकू येतं ते बघायचं असल्यासारखं डोकं जरा वाकडं केलं. मग शिवकन्या तिच्या शेजारी बाकावर येऊन टेकली आणि अगदी खालच्या आवाजात काहीतरी सांगू लागली. नळाचं असेल, लेकीचं असेल. सोजर मान डोलवत होती, मध्येच हं म्हणत होती. केतकीनं यंत्राचा आवाज आणखी एक घर कमी केला.